सायनाइडला न बधणारं सोनं आणि फेनतरण: चाचणी, रसायनं, आणि टेलिंग्ज वाचायची रीत

प्रश्न थोडक्यात असा: धातुकात टनामागे ३ ग्रॅमच्या आसपास सोनं आहे, सोबत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) आणि थोडं आर्सेनोपायराइट (त्यात आर्सेनिकही असतं). थेट सायनाइड केलं तर ५५-६० टक्क्यांच्या पुढे सोनं विरघळत नाही. फेनतरण (फ्लोटेशन: दळलेलं धातुक पाण्यात ढवळून बुडबुडे सोडायचे आणि हवी ती खनिजं फेसासोबत वर काढायची) लावलं तर फरक पडेल का, रसायनं कोणती आणि किती घालायची, आणि प्रयोगशाळेतले आकडे प्लांटमध्ये कितपत टिकतात?

फरक पडेल, पण नेमका कुठे पडतो ते आधी पाहू. अशा धातुकाच्या फेनतरणात आपण मुख्यतः सोनं ज्यात दडलंय ती सल्फाइड खनिजं गोळा करतो. १०० टन दगडातून ६ ते ८ टन कॉन्सन्ट्रेट (फेसासोबत निघालेला माल; मागे उरतं ते टेलिंग्ज) निघतं आणि ९० टक्क्यांच्या आसपास सोनं त्यात येऊ शकतं. मात्र सोनं पायराइटच्या आत असेल तर कॉन्सन्ट्रेटमध्ये आल्यावरही ते आतच राहतं आणि सायनाइड तिथेही तितकंच हतबल असतं. फायदा हा की भाजणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद भांडं) किंवा जिवाणू यांसारखी, सल्फाइड फोडणारी ऑक्सिडेशनची महागडी पुढची पायरी १०० टनांऐवजी ७ टनांवर करावी लागते.

म्हणून हिशेब नेहमी दोन्ही पायऱ्यांचा करा. फेनतरणात ९२ टक्के आलं आणि ऑक्सिडेशननंतर सायनाइडने त्यातलं ९५ टक्के विरघळलं, तर एकूण ८७.४ टक्के. कॉन्सन्ट्रेट नुसतं बारीक दळून सायनाइडला दिलं आणि ७५ टक्केच विरघळलं, तर एकूण ६९. दोन्हींत फेनतरणाची कामगिरी सारखीच, पण प्रकल्प वेगळे. पुढच्या पायरीचा विचार न करता नुसत्या ९२ वर खूश होणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग चूक आहे.

सोनं कशात बसलंय

पहिला खर्च डायग्नॉस्टिक लीचवर, म्हणजे सोनं कशात अडकलंय ते टप्प्याटप्प्याने विरघळवून शोधणाऱ्या चाचणीवर, करा. दळलेल्या नमुन्याला आधी सायनाइड द्यायचं. जे विरघळलं ते मोकळं किंवा उघडं सोनं. उरलेल्या चोथ्यावर गरम हायड्रोक्लोरिक आम्ल, पुन्हा सायनाइड. यात कार्बोनेट आणि पिऱ्होटाइटमध्ये (लोहाचं आणखी एक सल्फाइड) अडकलेलं सोनं कळतं. मग नायट्रिक आम्ल, पुन्हा सायनाइड. हा पायराइट-आर्सेनोपायराइटचा वाटा. मग चोथा भाजून पुन्हा सायनाइड. हा कार्बनचा वाटा. शेवटी, वितळवून सोनं मोजणाऱ्या फायर अ‍ॅसेमध्ये जे उरतं ते क्वार्ट्झमध्ये बंद. प्रत्येक वेळी आम्ल घालण्याआधी चोथा भरपूर पाण्याने, अल्कलीचा अंश ठेवून, धुवायलाच हवा आणि काम फ्यूम हूडखालीच करायचं. सायनाइडचा अंश राहिलेल्या चोथ्यात आम्ल पडलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.

निकालावरून पुढची दिशा बरीचशी ठरते. नायट्रिक आम्लाच्या पायरीत ३० टक्के सोनं सुटलं तर फेनतरण तुमच्यासाठीच आहे. क्वार्ट्झमधला वाटा मोठा असेल तर फेनतरणाचा उपयोग नाही. क्वार्ट्झला झँथेट (सल्फाइडचे कण बुडबुड्याला चिकटावेत म्हणून घालायचं रसायन) चिकटत नाही, आणि बारीक दळणं एवढाच उपाय राहतो. धातुकाचा वरचा, गंजलेला थर असेल, पायराइटचं गोथाइट (लोहाचा गंज) झालेलं असेल, तर सोडियम सल्फाइड घालून पृष्ठभाग ‘सल्फाइडासारखा’ करता येतो असं पुस्तकं सांगतात. ते खरं आहे, पण सोन्याच्या बाबतीत त्याचा क्वचितच फायदा होतो. सल्फाइड थोडं जास्त झालं की सोनंही दबतं, म्हणजे तरंगेनासं होतं, आणि पायराइटही. असा थर वेगळा खणून सायनाइडलाच द्यावा.

दोन विशेष प्रकार. टेल्युराइड खनिजं, म्हणजे कॅलाव्हराइट वगैरे, जात्याच जलविरोधी असतात. नुसत्या फेसकारकावरही तरंगतात. पण ती ठिसूळ असल्याने जास्त दळली की त्यांचा गाळ होतो आणि गाळातून ती सुटत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे नैसर्गिक कार्बन. तोही आपोआप तरंगतो, कॉन्सन्ट्रेटमध्ये शिरतो आणि पुढे सायनाइडमध्ये विरघळलेलं सोनं परत शोषून घेतो. यावर उपाय दोन: सुरुवातीला फक्त फेसकारक घालून कार्बन आधीच काढून टाकणं, किंवा डेक्स्ट्रिनसारखं द्रव्य घालून त्याला दाबणं. पहिला उपाय निवडला तर काढलेल्या कार्बनमध्ये सोनं किती गेलं हे प्रत्येक वेळी तपासा. कित्येकदा त्यात इतकं सोनं सापडतं की तो फेकणं परवडत नाही.

नमुना

सोन्याच्या चाचण्यांत निम्मे गोंधळ रसायनांमुळे नसून नमुन्यामुळे होतात. २०० मायक्रॉन व्यासाचा शुद्ध सोन्याचा एक गोल कण साधारण ८० मायक्रोग्रॅमचा असतो. टनामागे ३ ग्रॅमच्या धातुकाचे ३० ग्रॅम फायर अ‍ॅसेला घेतले, तर त्यात एकूण सोनंच ९० मायक्रोग्रॅम अपेक्षित. म्हणजे असा एक कण नमुन्यात आला की निकाल जवळपास दुप्पट, आणि नाही आला की कमी. म्हणून धातुकात जाड सोनं आहे अशी शंका असेल तर १ किलो नमुना १०६ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, वर राहिलेला सगळा भाग अ‍ॅसे करा, खालच्या भागाचे दोन-तीन नमुने घ्या आणि वजनाच्या प्रमाणात बेरीज करा.

दुसरी अडचण शिळ्या नमुन्याची. फोडलेलं सल्फाइड धातुक उघड्यावर काही आठवडे पडलं की कणांवर ऑक्साइडचा थर येतो आणि रिकव्हरी घसरते. फोडल्यावर लगेच एकेक किलोच्या पिशव्या भरा, हवा काढून सील करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. दळण चाचणीच्या आधी लगेच करा, आदल्या दिवशी नको.

दळण आणि जाड सोनं

तीन दळणांवर चाचण्या घ्या: ८० टक्के कण १५० मायक्रॉनच्या खाली, मग १०६, मग ७५. बहुतेक पायराइट धातुकांत १५० ते १०६ मध्ये मोठी उडी दिसते आणि १०६ ते ७५ मध्ये लहान. ती लहान उडी दळणाच्या विजेच्या खर्चाला पुरते का, हे हिशेबाने ठरतं. इथे एक सवलत लक्षात ठेवा. फेनतरणासाठी पायराइट क्वार्ट्झपासून सुटणं पुरेसं असतं, सोनं पायराइटपासून सुटायची गरज नसते. त्यामुळे सगळं धातुक ७५ मायक्रॉनपर्यंत दळण्याऐवजी जाडसर दळून फेनतरण आणि फक्त कॉन्सन्ट्रेटचं पुन्हा दळण हा मार्ग बऱ्याचदा स्वस्त पडतो.

मोकळं, जाड सोनं मात्र फेनतरणाच्या भरवशावर सोडू नका. शुद्ध सोन्याची घनता १९.३ आहे. २०० मायक्रॉनच्या आसपासचा गोटीसारखा कण बुडबुड्याला चिकटला तरी सेलमधल्या (फेनतरणाच्या टाकीतल्या) खळबळीत सुटून पडतो. चपटा कण थोडा मोठा असला तरी निभावतो. शिवाय घनतेमुळे सायक्लोन (दळलेल्या मालातले जाड-जड कण वेगळे करणारं यंत्र) असे कण पुन्हा पुन्हा मिलमध्ये परत पाठवतो. तिथे ते चेपतात, त्यांच्यात क्वार्ट्झचा चुरा रुततो आणि ते तरंगेनासे होतात. म्हणून सायक्लोनच्या खालच्या प्रवाहाचा काही भाग नेल्सन किंवा फाल्कनसारख्या केंद्रोत्सारी यंत्रातून काढावा. याच जागी फ्लॅश फ्लोटेशन सेलही बसवतात. ती ६०-६५ टक्के घन असलेल्या दाट स्लरीवर (धातुक आणि पाण्याच्या मिश्रणावर) चालते आणि सुटलेलं सल्फाइड मिलमध्ये पुन्हा जाऊन गाळ होण्याआधी उचलते.

रसायनं

सगळ्या सल्फाइडांना एकत्र तरंगवायचं असेल तर पीएच ७.५ ते ८.५ पुरतो, अनेक धातुकं स्वतःच त्या पट्ट्यात असतात. वाढवायचा असेल तर सोडा अ‍ॅश वापरा. चुना टाळा. चुन्यातला कॅल्शियम मोकळ्या सोन्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि ते दबतं; पीएच ११ कडे गेला की पायराइटही दबू लागतं. तांब्याच्या प्लांटमध्ये पायराइट नको असतं म्हणून चुना घालतात. तिथली सवय सोन्याच्या प्लांटमध्ये आणली की सोनं टेलिंग्जमध्ये जातं. दुसऱ्या टोकाला पीएच ६ च्या खाली झँथेट झपाट्याने फुटतं, त्यामुळे आम्लधर्मी, अर्धवट गंजलेल्या धातुकात झँथेट वाढवत राहण्यात अर्थ नाही.

कलेक्टर, म्हणजे कण बुडबुड्याला चिकटवणारं रसायन, म्हणून पोटॅशियम अमाइल झँथेट ५० ते १०० ग्रॅम प्रतिटन, जोडीला डायथायोफॉस्फेट १५ ते ३० ग्रॅम. झँथेट पायराइटला ओढतं. एरोफ्लोट २०८ सारखं डायथायोफॉस्फेट मोकळ्या सोन्याला जास्त मानवतं. दोन्हींचं मिश्रण एकेकट्यापेक्षा बहुधा बरं काम करतं.

आर्सेनोपायराइट आळशी असतं. त्याच्यासाठी मोरचूद, ५० ते २०० ग्रॅम प्रतिटन. तांब्याचे आयन पृष्ठभागावर बसतात आणि झँथेट त्यांना धरतं. क्रम महत्त्वाचा: आधी मोरचूद, ४-५ मिनिटं ढवळणं, मग झँथेट. दोन्ही एकाच जागी सोडले तर ते एकमेकांशीच अभिक्रिया करून कॉपर झँथेट बनतं, दोन्ही रसायनं वाया जातात आणि फेस चिवट होतो. मोरचूद जास्त झालं तर ते कॉन्सन्ट्रेटसोबत पुढे जाऊन सायनाइडही खातं.

फेसकारक एमआयबीसी (मिथाइल आयसोब्यूटिल कार्बिनॉल) १५ ते ३० ग्रॅम. त्याचा फेस लवकर फुटतो, पन्हाळीत साचून राहत नाही. कण जाड असतील तर थोडा ग्लायकॉल वर्गातला फेसकारक मिसळा, कारण जड कण धरायला भक्कम फेस लागतो. टाल्क असेल तर ते दाबायला सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) किंवा ग्वार गम. चिकणमातीचा गाळ असेल तर २०० ते ५०० ग्रॅम सोडियम सिलिकेट, तेही मिलमध्येच.

एक प्रमाण चाचणी

१ किलो धातुक, ६०-६५ टक्के घनावर दळलेलं, २.५ लिटरच्या सेलमध्ये. पाणी भरलं की घन ३२ टक्क्यांच्या आसपास येतं. मोरचूद १०० ग्रॅम प्रतिटन म्हणजे इथे १०० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्का द्रावणाचे १० मिलिलिटर, ५ मिनिटं. झँथेट ६० ग्रॅम म्हणजे ६ मिलिलिटर, डायथायोफॉस्फेट २० ग्रॅम म्हणजे २ मिलिलिटर, २ मिनिटं. एमआयबीसी २० ग्रॅम म्हणजे साधारण २५ मायक्रोलिटर, सूक्ष्म सिरिंजने थेट, १ मिनिट. मग हवा सोडा.

फेस चार वेगळ्या भांड्यांत घ्या: १, ३, ७ आणि १५ मिनिटांपर्यंत. ३ मिनिटांनंतर आणि ७ मिनिटांनंतर २० ग्रॅम झँथेट आणि गरजेनुसार फेसकारक पुन्हा. पट्टीने फेस ओढताना दर १० सेकंदांनी, दर वेळी त्याच खोलीपर्यंत. ही शिस्त मोडली की दोन चाचण्यांची तुलनाच होत नाही. पातळी टिकवायला साधं पाणी न घालता पीएच जुळवलेलं, किंचित फेसकारक असलेलं पाणी घाला.

झँथेटचं द्रावण रोज ताजं करा. गोळ्या फिकट पिवळ्या आणि कोरड्या असाव्यात. नारिंगी, ओलसर आणि तीव्र वासाच्या झाल्या असतील तर चाचणीसाठी वापरू नका. सुकवताना ओव्हन ६०-७० अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर सल्फाइड जळायला लागतं आणि वजन व गंधकाचे आकडे चुकतात.

आता हिशेब. टनामागे सोनं फीडमध्ये (आत घातलेल्या धातुकात) ३.० ग्रॅम, कॉन्सन्ट्रेट ४० ग्रॅम, टेलिंग्ज ०.२६ ग्रॅम असेल तर मास पुल, म्हणजे फीडच्या वजनातला किती भाग फेसात गेला, तो (३.० − ०.२६) ÷ (४० − ०.२६) = ६.९ टक्के. रिकव्हरी ६.९ × ४० ÷ ३.० = ९२ टक्के. टेलिंग्जचा खरा आकडा ०.३६ असेल तर हीच रिकव्हरी ८९ वर येते. ०.१ ग्रॅमच्या चुकीला तीन टक्के रिकव्हरी! म्हणून टेलिंग्जचा अ‍ॅसे एकदा करून थांबू नका. ५० ग्रॅमचे किमान तीन करा. सगळ्या भागांतलं सोनं मिळवून येणारा फीडचा आकडा आणि प्रत्यक्ष अ‍ॅसे केलेला फीडचा आकडा जुळत नसेल तर त्या चाचणीतून निष्कर्ष काढू नये.

मास पुल किती असावा याचाही अंदाज आधीच येतो. धातुकात गंधक २ टक्के असेल आणि तो सगळा पायराइटमध्ये असेल (शुद्ध पायराइटमध्ये ५३.४ टक्के गंधक असतो), तर पायराइट ३.७ टक्के. ९५ टक्के गंधक उचलून २८ टक्के गंधकाचं कॉन्सन्ट्रेट काढायचं तर मास पुल ६.८ टक्के लागतो. कुणी २ टक्के मास पुलमध्ये ९५ टक्के सोनं देतो म्हणत असेल तर एकतर सोनं मोकळं आहे किंवा आकडे पुन्हा तपासायला हवेत.

टेलिंग्ज वाचणं

रिकव्हरी ८० वर अडकली की बहुतेकांचा पहिला हात झँथेटच्या डब्याकडे जातो. त्याआधी टेलिंग्जचा सल्फाइड गंधक तपासा. हा अ‍ॅसे स्वस्त आहे आणि लगेच दिशा देतो. टेलिंग्जमध्ये गंधक ०.०५ टक्क्यावर आलाय आणि सोनं तरीही ०.५ ग्रॅम आहे? मग सल्फाइड सगळं उचललं गेलंय, उरलेलं सोनं सल्फाइडसोबत नाहीच. ते क्वार्ट्झमध्ये आहे किंवा मोकळं पण न तरंगणारं आहे. झँथेट दुप्पट केलं तरी काही होणार नाही. उलट गंधक ०.३ टक्के उरला असेल तर सल्फाइडच मागे राहतंय, आणि दोष रसायनात, पृष्ठभागात किंवा वेळेत आहे.

त्यानंतर टेलिंग्ज चाळा: १०६ च्या वर, १०६-७५, ७५-३८, ३८-२० आणि २० च्या खाली. प्रत्येक भागाचं वजन, सोनं आणि गंधक काढा. सोनं वरच्या भागात अडकलं असेल तर कण जोडलेले आहेत किंवा फार जड आहेत. दळण किंवा गुरुत्व यंत्र हा उपाय. सूक्ष्मदर्शकाखाली त्या भागाची एक पॉलिश केलेली वडी पाहिली की दोन्हींतलं कोणतं ते कळतं.

२० मायक्रॉनच्या खाली नुकसान असेल तर कारण गाळ. बारीक कणांना बुडबुडा गाठणंच कठीण, त्यात चिकणमाती सल्फाइडवर लेप चढवते. सोडियम सिलिकेट, घनाचं प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत खाली आणणं आणि जास्त वेळ, या क्रमाने प्रयत्न करा. गाळ आधीच काढून टाकण्याचा मोह होतो, पण त्या गाळात सोनंही जातं. मोजल्याशिवाय तसं करू नये.

सगळ्यात बोलका मधला भाग. ७५ ते २० मायक्रॉनचे कण सर्वांत सहज तरंगायला हवेत. तिथेच सुटलेलं सल्फाइड मागे राहत असेल तर दळणाला दोष देऊ नका, पृष्ठभाग बिघडलाय. शक्यता अशा: धातुक गंजलं, पाण्यात सायनाइड आहे, चुना आहे, झँथेट शिळं आहे, किंवा मिलमधल्या लोखंडी गोळ्यांचा गंज लोह हायड्रॉक्साइड होऊन कणांवर बसलाय. शेवटचं कारण तपासायला एक चाचणी स्टेनलेस स्टीलच्या मिलमध्ये दळून करा. रिकव्हरी ठळक वाढली तर प्लांटमध्ये उच्च क्रोमियमचे गोळे वापरून पाहण्यात अर्थ आहे.

याशिवाय टेलिंग्जला सायनाइड देऊन पाहा. उरलेल्या ८ टक्क्यांतलं निम्मं त्यात विरघळलं तर एकूण ४ टक्के आणखी हाती येतात. मात्र हे करण्याआधी पाण्याचं गणित वाचा.

प्लांटमध्ये काय बिघडतं

पाणी. फेनतरणाचं आणि सायनाइडचं पाणी एकमेकांत मिसळू देऊ नका. लिटरमागे काही मिलिग्रॅम सायनाइडही पायराइटला दाबायला पुरतं. दोन्ही टेलिंग्ज एकाच तलावात जात असतील आणि तिथलंच पाणी मिलमध्ये परत येत असेल, तर काही आठवड्यांत रिकव्हरी हळूहळू घसरते आणि कारण कुणाला सापडत नाही. दोन तलाव, दोन पंप, दोन पाइप.

फेसाचं रूप पाहायला शिका. पहिल्या सेलमध्ये फेस दाट, पायराइटच्या पितळी-करड्या चकाकीचा, आणि बुडबुडे मध्यम असावेत. पांढरट, पाणचट फेस म्हणजे फेसकारक जास्त किंवा खनिज कमी. कोरडा, ताठ, पुढे न सरकणारा फेस म्हणजे गाळ किंवा मोरचूद जास्त. फेस अचानक मरणं, बुडबुडे मोठे होऊन फुटणं, याचं एक कारण बेअरिंगमधून गळणारं वंगण तेल असतं. रसायन बदलण्याआधी मिलभोवती एक फेरी मारा.

रसायनाचे पंप रोज मोजपात्राने तपासा. ताशी १०० टन फीडला ८० ग्रॅम झँथेट म्हणजे ताशी ८ किलो, म्हणजे १० टक्के द्रावणाचे मिनिटाला १.३३ लिटर. पंपाच्या पडद्यावरचा आकडा आणि मोजपात्रातला आकडा यांत फरक निघतोच. सगळं झँथेट सुरुवातीला ओतू नका. साठ टक्के कंडिशनरमध्ये (रसायनं मिसळायच्या टाकीत), बाकी रांगेतल्या मधल्या सेलांत.

झँथेट ओलाव्यात आणि आम्लात कार्बन डायसल्फाइड सोडतं. तो विषारी आणि अत्यंत ज्वलनशील आहे. द्रावणाची टाकी हवेशीर ठेवा, जवळ ठिणगी नको, आणि आम्लाची टाकी शेजारी कधीच नको. सोडियम सल्फाइड असेल तर तोच नियम, कारण आम्लाने त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो.

कॉन्सन्ट्रेटचं पुढे काय

क्लीनर सेलमध्ये (कॉन्सन्ट्रेट पुन्हा तरंगवून स्वच्छ करणाऱ्या सेलमध्ये) १५-२० टक्के घनावर एकदा धुतलं की बहुधा पुरतं. विकायचं असेल तर दोनदा, कारण वाहतूक वजनावर आणि दर प्रतीवर ठरतो. आर्सेनिक जास्त असेल तर वितळण भट्टीवाले दंड लावतात किंवा माल नाकारतात. स्वतः ऑक्सिडेशन करणार असाल तर सोन्याची प्रत बाजूला ठेवा आणि गंधकाची पाहा: ऑटोक्लेव्हला स्वतःच्या उष्णतेवर चालायला फीडमध्ये ६ टक्क्यांच्या आसपास तरी सल्फाइड गंधक लागतो, आणि कार्बोनेट जितकं कमी तितकं आम्ल वाचतं. ते कार्बोनेट बाहेर काढणं हेही फेनतरणाचंच काम. प्रत्येक जादा क्लीनर पायरीत थोडं सोनं हरवतं, तेव्हा गरजेपेक्षा स्वच्छ कॉन्सन्ट्रेट काढू नका.

मार्ग चार. भाजणं जुनं आणि खात्रीचं, पण आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड पकडावे लागतात. दाबाखालचं ऑक्सिडेशन १९०-२३० अंशांवर शुद्ध ऑक्सिजनने. आर्सेनिक स्थिर रूपात बसतो, पण भांडवल मोठं. न्यूझीलंडमधील मॅक्रेस आणि फिनलंडमधील किटिला इथे फेनतरणानंतर हाच मार्ग वापरला गेला. जिवाणूंचा मार्ग ४० अंशांच्या थोडं वर, ४ ते ६ दिवसांच्या मुक्कामाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत तो १९८६ पासून व्यापारी पातळीवर चालला, ऑस्ट्रेलियात फॉस्टरव्हिलला २००५ पासून. चौथा, १०-१२ मायक्रॉनपर्यंत अतिसूक्ष्म दळण. कालगुर्लीत तो वापरला गेला. सोनं बारीक कणांच्या रूपात असेल तर तो सर्वांत स्वस्त, स्फटिकजालीत विरघळलेलं असेल तर निरुपयोगी. तुमच्या धातुकातलं आर्सेनोपायराइट पाहता स्फटिकजालीतलं सोनं असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून कॉन्सन्ट्रेट आधी १० मायक्रॉनपर्यंत दळून सायनाइड देऊन पाहा. एक-दोन किलो मालात होणारी ही चाचणी उरलेल्या तीन मार्गांचा विचार करायचा की नाही ते सांगते.

प्रयोगशाळा ते प्लांट

प्रयोगशाळेत १२ मिनिटांत फेस संपला तर प्लांटमध्ये २ ते २.५ पट वेळ धरा. ताशी १०० टन, ३३.३ टक्के घन, घनता २.८ असेल तर स्लरी ताशी २३६ घनमीटर. ३० मिनिटांसाठी ११८ घनमीटर. हवा १५ टक्के जागा व्यापते, म्हणून एकूण १३९, म्हणजे २० घनमीटरच्या ७ सेल. तेवढ्याच आकारमानाच्या दोन मोठ्या सेल घेऊ नका. काही स्लरी आत येताच बाहेर निघून जाते. रफरमध्ये (पहिल्या टप्प्याच्या सेलमध्ये) फेसाची उंची ५ ते १५ सेंटिमीटर, क्लीनरमध्ये २० च्या पुढे.

सुट्या चाचण्यांत क्लीनरचं टेलिंग्ज परत फिरत नाही, प्लांटमध्ये फिरतं. हे पाहायला लॉक्ड सायकल चाचणी करा: सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीचं क्लीनर टेलिंग्ज पुढच्या फेरीच्या फीडमध्ये. शेवटच्या तीन फेऱ्यांत वजन आणि सोनं स्थिर झालं तरच आकडा धरायचा. ही चाचणी नळाच्या पाण्यात करू नका. खाणीवरचं, शक्य असेल तर तलावातून परत येणारं पाणी वापरा. खारं पाणी फेस आपोआप घट्ट करतं, तिथे फेसकारक निम्म्यावर येऊ शकतो. मॅग्नेशियम भरपूर असेल तर पीएच ९ च्या पुढे ढकलणंच अवघड होतं. एवढं सगळं केल्यावरही आर्थिक गणितात लॉक्ड सायकलच्या रिकव्हरीतून २ टक्के वजा करा, आणि खाणीच्या वेगवेगळ्या भागांतले निदान पाच-सहा नमुने एकाच कृतीने चालवून पाहा. एकत्र केलेला एकच सरासरी नमुना चांगला निघतो आणि आर्सेनोपायराइटने भरलेला एखादा पट्टा प्लांटला महिनाभर छळतो.